पासबुकावरचे नाव आणि पैशाचा धनी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की कोणी थोर पाहुणीने यावे, स्त्रीजीवनावर चार उदात्त विचार सांगावेत आणि आपण टाळ्या वाजवून फराळाकडे वळावे, ही आपली दरवर्षीची रीत. यंदा चिटणीसबाईंच्या मनात आले की आपल्यातलीच कोणीतरी उभी करावी आणि विषयही रोजच्या उपयोगाचा असावा. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. कायद्याचे पुस्तक मी उघडलेले नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या आळीतल्या बायकांना सोबत म्हणून बँकेत, पोलीस ठाण्यात आणि कोर्टाच्या आवारात माझ्या इतक्या खेपा झाल्या आहेत की, बँकेचा शिपाई मला पाहिले की खुर्ची पुढे सरकवतो. त्या खेपांतून जे पदरात पडले तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

बँकेतले पैसे कोणाचे? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! ज्याचे पासबुक त्याचे पैसे. मला सांगावयाचे आहे ते हेच, की तसे नेहमीच नसते. पासबुकावर नाव कोणाचे, हा एक प्रश्न. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावयाचे, हा दुसरा. आणि त्या पैशाचा खरा धनी कोण, हा तिसरा. आपण तिन्हींची एकच खिचडी करतो आणि मग सख्ख्या माणसांत अबोला येतो.

आमच्या ओळीतल्या एका वहिनींची हकीकत सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, नाव मात्र सांगणार नाही. त्यांचे यजमान तासवडेच्या एका कारखान्यात होते. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. पदरी एक मुलगा, एक मुलगी, घरात म्हातारी सासू. यजमानांच्या नावावर बचत खाते आणि ठेव मिळून चार लाख ऐंशी हजार रुपये होते. खाते लग्नाच्या आधी उघडलेले, म्हणून त्या फॉर्मवर आईचे नाव दिलेले होते. लग्न झाले, दोन मुले झाली, पण ते नाव बदलावे हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. लग्नकार्यात आपण आहेराच्या याद्या वर्षानुवर्षे जपून ठेवतो, पण बँकेचा फॉर्म कोण काढून बघतो?

बँकेने ती सगळी रक्कम सासूबाईंना दिली. वहिनी व्यवस्थापकांकडे गेल्या तर ते म्हणाले, "वारस त्या आहेत, आम्ही वारसाला पैसे दिले." वहिनी रडत घरी आल्या. सासूबाईही काही दुष्ट नव्हेत बरे. त्यांनाही प्रामाणिकपणे वाटले की मुलाने आपले नाव लावले, बँकेने आपल्या हातात दिले, म्हणजे पैसे आपलेच. शिवाय मनात भीती, की सून तरुण आहे, उद्या माहेरी गेली तर आपल्याला कोण बघणार? एका भिंतीच्या अल्याडपल्याड दोन चुली पेटू लागल्या.

भगिनींनो, हा 'वारस लावणे' शब्दच मुळी घात करतो. बँकेच्या छापील फॉर्मवर 'वारस' असा शब्द नसतो. तिथे असते 'नामनिर्देशन'. शब्द अवघड म्हणून आपण आणि काउंटरवरची माणसेही सोयीसाठी वारस म्हणू लागलो. नामनिर्देशन म्हणजे एवढेच, की खातेदार गेल्यावर बँकेने पैसे कोणाकडे सुपूर्द केले म्हणजे बँक मोकळी झाली. ज्याच्या हाती पैसे आले तो राखणदार. वाटणी व्हावयाची ती कायद्याने जे वारस ठरतात त्यांच्यात, किंवा मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या पैशांबद्दल १९८३ साली सरबती देवींच्या खटल्यात हे सांगितले, आणि बँकेच्या खात्याबद्दल २०१० साली राम चंदर तलवार विरुद्ध देवेंदर कुमार तलवार या खटल्यात सांगितले. म्हणजे हे काही नवे नाही. परंतु आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ते पोहोचावयाचे आहे.

मग वारस कोण? हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, आणि त्यांना सारखा वाटा. आई पहिल्या वर्गात आहे, हे नीट ऐका, कारण पुष्कळ सुनांना ते ठाऊक नसते. वडील पहिल्या वर्गात नाहीत, हे ऐकून पुष्कळ पुरुषांना नवल वाटते. म्हणजे त्या चार लाख ऐंशी हजारांचे चार वाटे, प्रत्येकी एक लाख वीस हजार. सासूबाईंचा एक, वहिनींचा एक, आणि मुलांचे दोन. सगळे सासूबाईंचे नव्हेत, आणि सगळे वहिनींचेही नव्हेत. दोघीही अर्ध्या बरोबर होत्या, म्हणून तर भांडण मिटत नव्हते.

वकील करावयाचा तर फी कुठून आणणार? इथे एक गोष्ट सांगते, ती पदराला गाठ मारून ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला सरकारतर्फे विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाई असणे एवढेच पुरे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करावयाचा. दूरध्वनी करावयाचा असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. आम्ही तिथे गेलो. एका वकीलबाईंनी दोघींना समोरासमोर बसवून हिशेब कागदावर मांडून दाखवला. पहिल्या दोन बैठकींत सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तिसऱ्या बैठकीत त्यांनी विचारले, "म्हणजे माझा वाटा कोणी काढून घेऊ शकत नाही?" वकीलबाई म्हणाल्या, "नाही आजी." तिथे गाठ सुटली. तडजोड लोकअदालतीत नोंदवली गेली. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकमाइतकीच किंमत असते आणि त्यावर अपील नसते, तेव्हा कोणी मागे फिरण्याची भीती राहिली नाही. मुलांच्या वाट्याच्या ठेवी मुलांच्या नावे झाल्या. या सगळ्याला आठ महिने लागले. फॉर्मवरचे नाव वेळेवर बदलले असते तर एक सही आणि दहा मिनिटे लागली असती.

आता नवी सोय सांगते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्यावर एकाऐवजी चार जणांपर्यंत नावे देता येतात. ठेवीसाठी कोणाला किती टक्के ते लिहिता येते, किंवा एकानंतर दुसरा असा क्रमही लावता येतो. लॉकरला मात्र क्रमच लावावा लागतो, कारण अर्धी पाटली एकीला आणि अर्धी दुसरीला कशी देणार! नाव दिले नसेल तर पैसे बुडतात असे नाही, पण कागदपत्रांची यातायात वाढते. याबाबत सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्देश काढले आहेत. नामनिर्देशन नसले आणि वारसांत तंटा नसला, तर सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत आणि इतर बँकांत पंधरा लाखांपर्यंतच्या रकमेसाठी कोर्टाचा वारस दाखला न मागता साध्या रीतीने दावा मिटवावा, आणि कागद पुरे झाल्यापासून पंधरा दिवसांत मिटवावा, असे त्यांत आहे. काउंटरवर "कोर्टातून दाखला आणा" असे ऐकवले, तर रक्कम किती आहे ते आधी पाहा आणि मग वाद घाला.

नवराबायकोच्या जोडखात्याचेही असेच. 'दोघांपैकी कोणीही अथवा मागे राहील तो' असे लिहून दिले असेल तर एकजण गेल्यावर बँक दुसऱ्याला पैसे देते. पण जोडखाते म्हणजे निम्मे निम्मे, असा काही नियम नाही. पैसे कोणी भरले, कशासाठी भरले, हे तंट्याच्या वेळी विचारले जाते. आणि मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडावयाची असेल तर दोघांच्या सह्या लागतात. एक असताना आणि एक नसताना ठेव कशी मोडावयाची, याबद्दल ठेव ठेवतानाच लिहून देता येते. ते लिहून द्या. दवाखान्याच्या दारात उभे राहून सही शोधावी लागली की काय होते, हे या सभागृहात दोघी-तिघींना चांगले ठाऊक आहे.

आता जरा हसा. बेंगळूरला एक बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यांनी आपले एटीएम कार्ड आणि त्याचा गुप्त आकडा यजमानांना देऊन पंचवीस हजार रुपये काढून आणावयास सांगितले. यंत्रातून पावती आली, पैसे आले नाहीत. ही २०१३ ची गोष्ट. बाई ग्राहक मंचाकडे गेल्या आणि साडेतीन वर्षे झगडल्या. २०१८ साली मंचाने सांगितले की, कार्ड तुमचे, आकडा तुमचा, तो दुसऱ्याला सांगावयाचा नाही ही अट तुम्ही मोडली, तेव्हा तक्रार फेटाळली. दुसरा म्हणजे कोण, तर लग्नाचा नवरा! आपल्याकडे तर कार्ड देवघराच्या फळीवर आणि आकडा कॅलेंडरच्या मागे लिहिलेला. ज्याला हवे त्याने न्यावे. मला हा निकाल कठोर वाटतो, हे मी उघड सांगते. ओल्या बाळंतिणीने काय रांगेत जाऊन उभे राहावयाचे होते? परंतु करार तसा आहे. घरातल्या माणसाला पैसे आणावयास पाठवावयाचे असेल तर सहीचा चेक किंवा पैसे काढण्याची स्लिप आणि सोबत अधिकारपत्र, हाच सरळ मार्ग. यंत्राने पैसे दिले नाहीत पण खात्यातून वजा झाले, यासाठी २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने नियम केला. पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जमा करावी, नाहीतर पुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी. हे शंभर रुपये न मागता मिळाले पाहिजेत. तरी मागावे लागले तर लाजू नका.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती आहे त्याकडे वळते. आपण काही केलेले नसताना खात्यातून पैसे जाणे. आमच्या मागच्या वाड्यात एक काकू एकट्या राहतात. त्यांच्या खात्यातून दोन दिवसांत दहा-दहा हजार असे वीस हजार गेले. ना त्यांच्याकडे कार्ड, ना मोठा मोबाईल. पैसे गेले ते अंगठ्याच्या व्यवहाराने. आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा यांवर पैसे काढण्याची जी सोय आहे, तिच्यातून. बोटाचे ठसे चोरून असे प्रकार देशभर झालेले आहेत. काकू पासबुक छापून घ्यावयास गेल्या म्हणून कळले. बँकेत ऐकावे लागले, "तुम्हीच कुठे तरी अंगठा दिला असेल, आठवा." काकू घाबरून आठवू लागल्या! मी म्हटले, काकू, तुम्ही आठवावयाचे नाही, त्यांनी दाखवावयाचे आहे.

हे मी माझ्या मनचे बोलले नाही. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने याबद्दल परिपत्रक काढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही काढले. त्यात म्हटले होते की, खातेदार जबाबदार आहे हे शाबीत करण्याचे ओझे बँकेवर. चूक बँकेची असेल तर खातेदाराला तोशीस नाहीच. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, कोणी तिसऱ्याने हात मारला, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवल्यास खातेदाराचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंत आणि किमान शिलकेची अट नसलेल्या मूळ खात्याला पाच हजारांपर्यंतच तोशीस. सात दिवसांच्या पुढे बँकेचे जे धोरण असेल ते. तक्रार केल्यापासून दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावयाची, आणि नव्वद दिवसांत निकाल लावावयाचा. या नियमांत वेळोवेळी बदल होत असतात, म्हणून तक्रार करतेवेळी चालू धोरण बँकेकडून लेखी मागून घ्यावे.

काकूंनी तिसऱ्या दिवशी अर्ज दिला. त्या अर्जाच्या दोन प्रती केल्या आणि एकीवर शिक्का, तारीख व सही घेतली. शिक्का द्यावयास टाळाटाळ झाली. "ठेवून जा, साहेब बघतील," म्हणाले. आम्ही बाकावर बसून राहिलो. दुपारी जेवणाची सुट्टी झाली तरी हललो नाही, तेव्हा शिक्का बसला. पुढे पैसे परत मिळाले ते त्या शिक्क्यावरच्या तारखेमुळे. तोंडी तक्रारीला तारीख नसते, आणि जिथे तारखेवर सगळे अवलंबून आहे तिथे तोंडी बोलण्याचा काय उपयोग? नंतर काकूंच्या आधारवरची बोटांच्या ठशांची सोय कुलूपबंद करून घेतली. तशी सोय आधारवाल्यांनी ठेवली आहे आणि हवी तेव्हा उघडताही येते. ज्यांना अंगठ्याने पैसे काढावयाचे नाहीत त्यांनी ती जरूर बंद करावी.

पण मैत्रिणींनो, या नियमाची दुसरी बाजू कडू आहे. फोनवर आलेला ओटीपी आपणच वाचून दाखवला तर ती खातेदाराची हयगय ठरते, आणि बँकेला कळवीपर्यंत जे जाईल ते आपले जाते. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचे. म्हणून अशी वेळ आली तर घरच्यांना काय सांगू, हे रागावतील, असा विचार करीत संध्याकाळपर्यंत बसू नका. आधी १९३० हा क्रमांक फिरवा, मग बँकेला कळवा. चोराने पैसे एका खात्यातून दुसऱ्यात हलवायच्या आत ते अडवता येतात. मी पाहिले आहे, बायका पैशापेक्षा बोलणी खाण्याला अधिक भितात, आणि त्या भीतीत मोलाचे दोन तास जातात. यजमानमंडळींपैकी जे मागच्या खुर्च्यांवर बसले आहेत, त्यांनी हे ऐकून ठेवावे.

आता याच्या उलट प्रकार. आपल्या खात्यात अचानक कोणाचे तरी पैसे आले तर? लक्ष्मी आली म्हणून पेढे वाटावयाचे काय? १८७२ च्या करार कायद्याच्या ७२ व्या कलमात लिहिले आहे की, चुकून मिळालेले पैसे ज्याला मिळाले त्याने परत केले पाहिजेत. जाणूनबुजून गिळले तर तो फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. पण परत कसे करावयाचे, यात मेख आहे. कोणी अनोळखी फोन करतो, "ताई, चुकून तुमच्या खात्यात पाठवले, अमुक नंबरवर परत टाका ना." रडतो, आई आजारी आहे म्हणतो. आपण दयेने टाकतो. पुढे कळते की आलेले पैसे कोणाचे तरी चोरलेले होते, आपण ते चोराच्या दुसऱ्या खिशात टाकले, आणि पोलिसांच्या सांगण्यावरून आपलेच खाते गोठले. म्हणून स्वतः काही पाठवू नये. बँकेला लेखी कळवावे की ही रक्कम माझी नाही, जिथून आली तिथे परत करा. आणि आपले पैसे चुकून दुसऱ्याला गेले असतील तर लगेच आपल्या बँकेत अर्ज द्यावा. बँक समोरच्या बँकेला कळवते, पण त्या माणसाच्या संमतीशिवाय किंवा हुकमाशिवाय त्याच्या खात्यातून पैसे ओढून काढू शकत नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी एक रुपया पाठवून फोनवर विचारणे बरे. आमच्या जाऊबाई याला चिंगूसपणा म्हणतात. म्हणू देत.

याच संदर्भात एक सांगते, आणि जरा रागाने सांगते. आपल्या भागातली काही कॉलेजातली पोरे महिन्याला दोन-तीन हजार मिळतात म्हणून आपले खाते, कार्ड आणि सिम दुसऱ्याला वापरावयास देतात असे कानावर आले आहे. आईच्या नावाचे खातेही देतात. आईला वाटते पोरगा बँकेची कामे करू लागला. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरला की पोलीस येतात ते पासबुकावरच्या नावाकडे. आपल्या नावाचे खाते कोण वापरते आहे, ते दर महिन्याला पासबुक छापून बघत जा.

माहेरच्या नावाने उघडलेले जुने खाते कोणाचे असेल तर तेही शोधा. दोन वर्षे काही व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते, आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. गेली म्हणून बुडत नाही, ओळख पटवून मागता येते. शोधण्यासाठी २०२३ पासून 'उद्गम' नावाची सोय आहे, ती मुलांकडून मोबाईलवर बघून घ्या. खाते पुन्हा चालू करावयास पैसे पडत नाहीत.

बँकच अडचणीत आली तर काय, हे आपल्या कऱ्हाडात मी वेगळे सांगावयास नको. कऱ्हाड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध आले आणि डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. त्या वेळी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळेल असे जाहीर झाले. हे शक्य झाले कारण फेब्रुवारी २०२० मध्येच विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली होती. मधली तीन वर्षे ज्यांच्या घरात लग्न निघाले, दुखणे निघाले, त्यांनी काय केले ते त्यांचे त्यांना माहीत. २०२१ साली कायदा बदलला, आणि आता निर्बंध आले तर विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद आहे. ही पाच लाखांची मर्यादा एका माणसाला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून. चार शाखांत चार ठेवी ठेवल्या म्हणून वीस लाखांचा विमा होत नाही. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पतसंस्था वाईट असतात असे मी म्हणत नाही, आमच्याच घरातली ठेव एका पतसंस्थेत आहे. परंतु अर्धा-एक टक्का व्याज जास्त का मिळते, ते समजून मग पैसे ठेवावेत.

तक्रार कुठवर नेता येते, ते थोडक्यात. प्रथम बँकेला लेखी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर मराठीत माहिती विचारता येते. फार उशीर मात्र करू नये. दुसरी वाट ग्राहक आयोगाची. आपला आयोग साताऱ्याला आहे आणि तिथे दोन वर्षांच्या आत जावे लागते. एकच तक्रार एकाच वेळी दोन्हीकडे लावावयाची नाही.

आता शेवटचा विषय, आणि तो आपल्या मंडळाचा आहे. रागावू नका. आपल्या भिशीचे आणि पंढरपूरच्या सहलीचे मिळून शेहेचाळीस हजार रुपये आज खजिनदारबाईंच्या स्वतःच्या बचत खात्यात आहेत. खजिनदारबाईंवर माझा विश्वास आहे, आणि त्यांनी पै न् पैचा हिशेब वहीत ठेवला आहे. त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. पण मघाशी मी सांगितले ते तीन प्रश्न इथे लावून पाहा. नाव त्यांचे. उद्या त्यांचे काही बरेवाईट झाले, देव करो आणि शंभर वर्षे न होवो, तर बँक पैसे देणार त्यांनी नाव दिलेल्या माणसाला. आणि धनी कोण, तर आपण बत्तीस जणी. आपण तेव्हा त्यांच्या सुनेच्या दारात वही घेऊन उभे राहणार काय? त्यांच्या यजमानांच्या कर्जाला त्या जामीन असतील तर बँक त्या खात्यावरही हात ठेवू शकेल, आणि हे पैसे आमचे आहेत म्हणून सांगण्याची पाळी आपल्यावर येईल.

आपले मंडळ नोंदलेले आहे. मंडळाच्या नावाने खाते उघडावयास कार्यकारिणीचा ठराव, सभासदांची यादी, मंडळाचे पॅन आणि सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे लागतील. तिघींची नावे द्यावीत आणि त्यांतल्या कोणत्याही दोघींच्या सह्यांनी पैसे निघावेत, असे मी सुचवते. जुन्या वहीतला प्रत्येकीचा आकडा ठरावाच्या खाली उतरून त्यावर बत्तीस सह्या घ्याव्यात. तोपर्यंतचा तोच आपला पुरावा.

पुढच्या बुधवारच्या बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे, आणि खजिनदारबाईंनी त्याला अनुमोदन देण्याचे कबूल केले आहे. येताना प्रत्येकीने आपले पासबुक आणि ठेवीच्या पावत्या आणाव्यात. नामनिर्देशन झाले आहे की नाही ते त्यावर छापलेले असते. नसेल त्यांच्यासाठी मी बँकेतून कोरे फॉर्म आणून ठेवते. चष्मे विसरू नका.